दारू सोडायची आहे, एएची मीटिंग कशी शोधू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दारू सुटत नाही अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. भर अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एएच्या मीटिंगवर आहे, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात आपल्यासारख्याच माणसांमध्ये बसून दारू सोडायची तर सगळ्यात सहज सापडणारी जागा तीच. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. मात्र कालपासून प्यायला नसाल आणि हात थरथरत असतील, तर बाकी सोडून आधी तिसरा प्रश्न वाचा.

१. एएची मीटिंग म्हणजे नेमकं काय?

दारूचं व्यसन असलेली माणसं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात आणि न पिता दिवस कसा काढतो ते एकमेकांना सांगतात. तिथे डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, शिकवणारं कुणी नसतं. खुर्चीवर बसून मीटिंग चालवणाराही दारूतूनच बाहेर आलेला असतो. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन या दोन दारुड्यांच्या भेटीतून हे सुरू झालं. भारतात एए आलं १९५७ मध्ये.

नोंदणी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. सभासद व्हायला एकच अट आहे: दारू थांबवायची इच्छा. थांबलेली असायला हवी असं नाही, इच्छा पुरते.

२. मला खरंच मीटिंगची गरज आहे का? मी श्रावणात महिनाभर पीत नाही.

हा युक्तिवाद आपल्याकडे घरोघर ऐकू येतो. गटारीला शेवटची, मग श्रावण कडक, गणपती झाले की पुन्हा सुरू. महिनाभर थांबता येणं ही चांगली गोष्ट आहे, पण त्यातून व्यसन नाही असं सिद्ध होत नाही. व्यसनी माणूस बरेचदा थांबू शकतो, थांबलेला राहू शकत नाही. स्वतःला विचारायचं ते असं: पहिला पेग घेतल्यावर ठरवलेल्या ठिकाणी थांबता येतं का? किती प्यालो ते घरी खोटं सांगावं लागतं का? सकाळी हात स्थिर व्हायला घोट लागतो का? थांबलेल्या दिवसांत मन सारखं पुढच्या तारखेवर असतं का?

मोजून बघायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे. गुण ० ते ४०. आठ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीवर, वीस किंवा जास्त म्हणजे व्यसन जडलेलं असण्याची दाट शक्यता. कुठल्याही मानसोपचार ओपीडीत ती करून मिळते. पण मीटिंगला जायला गुणपत्रिका लागत नाही. शंका आहे एवढ्यावरही जाऊन बसता येतं.

३. आजपासून एकदम बंद करून संध्याकाळी मीटिंगला गेलो तर चालेल का?

रोज भरपूर पिणाऱ्याने हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

वर्षानुवर्षं रोज दारू मिळालेला मेंदू ती अचानक बंद झाल्यावर उसळतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न येणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, दिवस-वेळेचं भान सुटतं, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. घरचे हे ‘बाहेरचं काहीतरी’ समजून मांत्रिकाकडे किंवा देवळात नेतात आणि मोलाचे तास जातात.

आधी डॉक्टर गाठायचा तो कुणी? सकाळी उठल्याबरोबर दारू लागणाऱ्याने, पूर्वी सोडताना फिट आलेल्याने किंवा भास झालेल्याने, आणि लिव्हर, हृदय किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्याने. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी चालते. पाच-सात दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या देऊन हा काळ सुरक्षित पार करता येतो. या गोळ्या मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने आणू नयेत. वर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

गावाकडे अशा वेळी ‘एक सलाईन लावून घेतो’ असं म्हणतात. सलाईन लावणाऱ्याला दारूचं आवर्जून सांगा. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

फिट, भास, रक्ताची उलटी किंवा शुद्ध हरपणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. मीटिंग चार दिवसांनी होईल. हॉस्पिटलमध्ये असतानाही एएच्या हेल्पलाइनला कळवलं तर मेंबर वॉर्डात येऊन भेटतात.

४. मीटिंग शोधायची कुठे?

सगळ्यात खात्रीचा मार्ग फोनचा. एएचं भारताचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर हेल्पलाइन आणि शहरवार मीटिंगची माहिती मिळते. मोठ्या शहरांत अनेक ग्रुप मिळून चालवलेलं इंटरग्रुप असतं आणि त्याचा वेगळा फोन असतो. फोन उचलणारा पगारी कर्मचारी नसतो, बहुतेक वेळा एखादा मेंबरच असतो. तो कामावर असेल तर लगेच उचलणार नाही. दोन तासांनी पुन्हा लावा, किंवा ‘मीटिंगची माहिती हवी’ एवढाच मेसेज टाका. नाव लिहायची गरज नाही.

फोन करवत नसेल तर दुसरे रस्ते आहेत. सरकारी मानसोपचार ओपीडीतल्या समाजसेवकांना आसपासचे ग्रुप ठाऊक असतात. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल न होताही तिथे विचारता येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय आणि बाहेर पडलेल्यांसाठी त्यांच्या पाठपुरावा मीटिंग वेगवेगळ्या गावांत होतात. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनची केंद्रं मुंबई परिसरात आणि गोव्यातही आहेत. मुंबई, वसई, गोवा इथे चर्चच्या ऑफिसात विचारलं तर बरेचदा मीटिंग त्याच आवारात भरत असल्याचं कळतं. जायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

सरकारी फोनही आहेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, चोवीस तास चालू, मराठीतही बोलतात. एएच्या मीटिंगचा नेमका पत्ता त्यांच्याकडे असेलच असं नाही, पण जवळचं उपचार केंद्र ते सांगतात.

नकाशावर किंवा गुगलवर सापडलेल्या पत्त्यावर थेट जाऊ नका. ग्रुप जागा बदलतात, जुने पत्ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. शिवाय ‘एए’ असं शोधल्यावर पहिल्यांदा येतात त्या खासगी केंद्रांच्या जाहिराती. एए कुणालाही दाखल करून घेत नाही, पॅकेज सांगत नाही, गाडी पाठवत नाही. फोनवर दुसऱ्या मिनिटाला महिन्याची फी सांगितली तर ते एए नव्हे.

५. फोनवर काय विचारू?

वार आणि वेळ. भाषा, कारण मुंबईत एकाच विभागात मराठी, हिंदी आणि इंग्रजी मीटिंग वेगवेगळ्या असू शकतात. ओपन की क्लोज्ड (फरक सातव्या प्रश्नात). नुसता पत्ता घेऊ नका, ठळक खूण, मजला आणि कुठल्या गेटने आत यायचं तेही विचारा. आणि त्या दिवशी जागेवर असणाऱ्या एका माणसाचा नंबर घ्या.

याहून चांगलं म्हणजे सरळ सांगा: ‘मी पहिल्यांदा येतोय, गेटवर कुणी भेटेल का?’ ही विनंती त्यांना रोजची आहे. बाहेर पडायचंच धाडस होत नसेल तर दोन मेंबर घरी किंवा जवळच्या हॉटेलात चहाला येऊन भेटू शकतात. याला ते ट्वेल्थ स्टेप कॉल म्हणतात. शक्यतो दोघं मिळून येतात, आणि बाईला भेटायला बाईच येते.

६. पत्त्यावर गेलो, पण कुलूप होतं. आता?

हे होतं, आणि पहिल्याच खेपेला झालं तर माणूस सरळ गुत्त्याकडे वळतो. म्हणून कारणं माहीत असू द्या. बरेच ग्रुप महापालिकेच्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात किंवा दवाखान्याच्या खोलीत भरतात. शाळेला दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, परीक्षा आली, निवडणुकीसाठी खोल्या घेतल्या, की मीटिंग तात्पुरती हलते. कधी मीटिंग चालू असते, पण मागच्या इमारतीत, आणि पुढचं गेट बंद असतं.

बाहेर मोठा बोर्ड शोधू नका. दारावर ‘एए’ अशी दोन अक्षरं किंवा नुसतं ग्रुपचं नाव असतं. वॉचमनला ‘दारू सोडणाऱ्यांची मीटिंग’ असं विचारणं नको वाटत असेल तर ‘एएची मीटिंग कुठल्या खोलीत?’ म्हणा, त्याला कळतं. पंधरा मिनिटं आधी पोचा. कुणी नसेल तर घेतलेल्या नंबरावर फोन लावा, आणि त्याच संध्याकाळी दुसरी मीटिंग कुठे आहे ते विचारा. मुंबई-पुण्यात बहुधा असतेच.

७. ओपन आणि क्लोज्ड मीटिंगमध्ये फरक काय?

क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी, किंवा तो असावा अशी शंका असलेल्यांसाठी. ओपन मीटिंगला बायको, भाऊ, डॉक्टर, विद्यार्थी कुणीही येऊन ऐकू शकतं. पहिल्या वेळी सोबत हवी असेल तर ओपन मीटिंग निवडा. नुसती गांजाची किंवा गोळ्यांची सवय असेल तर तुमची जागा नार्कोटिक्स अनॉनिमस, म्हणजे एनए. दोन्ही असेल तर दोन्हीकडे जाता येतं.

८. आत गेल्यावर काय होतं?

बहुतेक मीटिंग संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुरू होतात आणि तास-दीड तास चालतात. बाकांची किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग, पुढे टेबल, त्यावर पुस्तकं आणि पत्रकं, भिंतीवर टांगलेल्या दोन फलकांवर बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर यायचे टप्पे, आणि बारा परंपरा, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा त्याचे संकेत. मीटिंग संपली की फलक गुंडाळून कपाटात जातात, कारण सकाळी तिथे शाळा भरणार असते.

सुरुवातीला क्षणभर शांतता, मग मनःशांतीची छोटी प्रार्थना. चेअरमन एए म्हणजे काय ते सांगणारा उतारा वाचतो. नवीन कुणी आलंय का, असं विचारतात. हात वर करायचा की नाही ते तुमच्यावर. मग शेअरिंग: एकेक जण पुढे येऊन किंवा जागेवरून काही मिनिटं बोलतो. आधी काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. मध्ये कुणी टोकत नाही, प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. आपल्याकडच्या बैठकीत हे दुर्मीळ, म्हणून पहिल्यांदा ती शांतता अवघड वाटते. सांगणाऱ्याला कुणी मध्येच ‘अरे, तू असं करायला हवं होतंस’ म्हणायला लागलं तर सगळं सांगण्याची सोयच जाईल, यासाठी तो नियम आहे.

शेवटी सेक्रेटरी सूचना देतो, एक पिशवी किंवा डबा फिरतो, कुणाचा सोबरायटीचा, म्हणजे न पिता राहिल्याचा, वाढदिवस असेल तर टाळ्या आणि कधी केक. मग प्रार्थना आणि चहा. खरी ओळख चहाच्या वेळी होते. नवीन माणूस नेमका तेव्हाच निसटतो. दहा मिनिटं थांबा आणि दोन-तीन फोन नंबर घेऊन निघा. पुढच्या वेळी तलफ येईल तेव्हा हेच नंबर कामाला येतात.

९. मला बोलावंच लागेल का? नाव सांगावं लागेल?

नाही. पाळी आली तर ‘मी आज फक्त ऐकतो’ म्हणा, पुढच्याकडे जातात. नाव फक्त पहिलं सांगायचं, आडनाव नाही. आपल्याकडे आडनावावरून जात, गाव, घराणं सगळं कळतं, त्यामुळे ही पद्धत इथे फार उपयोगाची आहे. ‘मी मद्यपी आहे’ असं म्हणण्याची सक्ती नाही.

१०. ओळखीचा कुणी भेटला तर? ऑफिसात कळलं तर?

तो तिथे ज्या कारणाने आलाय त्याच कारणाने तुम्हीही आलात. इथे पाहिलेलं, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हे प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात आणि बहुतेक लोक ते कसोशीने पाळतात. पण ती कायद्याची हमी नव्हे, माणसांचा शब्द आहे. म्हणून पोलिसात गेलेलं प्रकरण, कोर्टातला वाद, ऑफिसातल्या पैशांची भानगड अशा गोष्टी भर मीटिंगमध्ये सांगू नका. त्या वकिलाला किंवा डॉक्टरला सांगा. डॉक्टर आणि रुग्णालय यांच्यावर मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता बंधनकारक आहे.

तालुक्याच्या ठिकाणी सगळेच सगळ्यांना ओळखतात. तिथे सुरुवातीला शेजारच्या तालुक्यातल्या किंवा ऑनलाइन मीटिंगला जाणारे बरेच असतात. त्यात काही वावगं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं तर तुमचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो, हे लक्षात घेऊन हो म्हणा.

११. खर्च किती?

शून्य. फिरणाऱ्या पिशवीत मेंबर दहा-वीस रुपये, जे जमेल ते टाकतात. त्यातून खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तकं निघतात. नवीन माणसाने टाकू नये असंच सांगतात. एए सरकारकडून, कंपन्यांकडून किंवा बाहेरच्या दानशूरांकडून पैसे घेत नाही.

१२. माझा देवावर विश्वास नाही. किंवा आहे, पण माळकरी आहे. चालेल?

बारा पायऱ्यांमध्ये देव हा शब्द येतो, ‘आम्हाला उमगलेला परमेश्वर’ अशा अर्थाने. आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे काय ते ज्याचं त्याने ठरवायचं. ग्रुपलाच ती शक्ती मानून वर्षानुवर्षं न पिता राहिलेले नास्तिक आहेत. काही ग्रुपमध्ये प्रार्थनेचा सूर जास्त असतो, काहींत कमी. सूर जुळत नसेल तर ग्रुप बदला.

माळ घालून दारू सोडलेली माणसं महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या आहेत. वारी, माळ आणि मीटिंग एकत्र नांदू शकतात. फक्त माळ घातली की मीटिंग नको असं समजू नका. माळ शपथ देते. रात्री नऊला तलफ आल्यावर फोन उचलणारा माणूस मीटिंगमध्ये मिळतो.

१३. पिऊन गेलो तर हाकलतात का?

हाकलत नाहीत. गोंधळ घातला नाही तर मागे बसून ऐकू देतात, बोलायला मात्र देत नाहीत. गाडी चालवत जाऊ नका. खिशातली क्वार्टर घेऊन आत जाऊ नका.

१४. एक मीटिंग पाहिली, आवडली नाही. किती वेळा जाऊ?

एका मीटिंगवरून ठरवू नका. आमचा आग्रह असा की निदान सहा मीटिंग करा, त्याही दोन-तीन वेगळ्या ग्रुपमध्ये. प्रत्येक ग्रुप स्वतंत्र असतो. कुठे वयस्कर निवृत्त मंडळी, कुठे रिक्षावाले आणि गिरणगावातले जुने कामगार, कुठे आयटीतली तरुण मुलं. पहिल्या दिवशी बोलणाऱ्यांची अवस्था तुमच्यापेक्षा फार वाईट होती असं वाटतं, आणि ‘मी काही त्यांच्यासारखा नाही’ म्हणून माणूस परततो. ऐकताना नोकरी, पैसा, गटार, तुरुंग यांची तुलना करू नका. पहिल्या पेल्यानंतर त्याचं काय होत होतं आणि तुमचं काय होतं, एवढंच जुळवून बघा.

सुरुवातीला ९० दिवसांत ९० मीटिंग करा असं जुने मेंबर सांगतात. शहरात हे जमतं. आठवड्याला एकच मीटिंग असलेल्या गावात बाकीचे दिवस ऑनलाइन मीटिंग आणि फोनवर भागवावे लागतात. शिफ्ट ड्युटी असेल तर सकाळच्या किंवा दुपारच्या मीटिंगची चौकशी करा, कमी असतात पण असतात.

याने खरंच फरक पडतो का, हे अनेकजण विचारतात. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ जणांची माहिती तपासली. ठरलेल्या पद्धतीने एएकडे वळवणारे उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर मान्य मानसोपचारांहून सरस ठरले. सगळ्यांना गुण येतो असा याचा अर्थ नाही, पण जाऊन बघण्याइतका हा आधार भक्कम आहे.

१५. स्पॉन्सर म्हणजे काय? तो कसा निवडू?

काही काळ न पिता राहिलेला, बारा पायऱ्या करून झालेला आणि तुम्हाला त्या करताना सोबत देणारा मेंबर. निदान वर्षभराची सोबरायटी असलेला बघा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी, हा संकेत अनुभवातून आलाय. ज्याचं शेअरिंग ऐकून ‘हा माझंच बोलतोय’ वाटतं त्याला चहाच्या वेळी सरळ विचारा. तो नाही म्हणाला तर वेळेअभावी म्हणतो, मनाला लावून घेऊ नका.

स्पॉन्सर उसने पैसे देत नाही आणि मागतही नाही. तो नोकरी लावत नाही, औषधं बदलत नाही, नवरा-बायकोच्या भांडणात न्याय करत नाही. कुणी मेंबर पैसे मागू लागला, धंद्यात भागी सुचवू लागला किंवा नवीन आलेल्या बाईशी सलगी करू लागला, तर ग्रुपच्या सेक्रेटरीला सांगा आणि ग्रुप बदला. अशी माणसं कमी असली तरी कुठेही असू शकतात.

१६. सहा महिने चांगले गेले आणि लग्नात प्यालो. आता तोंड कसं दाखवू?

स्लिप झाली असं म्हणतात, आणि खोलीतल्या बऱ्याच जणांची ती कधी ना कधी झालेली असते. दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जा. महिनाभर लाजत घरी बसलेल्याचं पिणं पुन्हा जुन्या मापावर जातं. तारीख नव्याने मोजायची, सहा महिन्यांत शिकलेलं मात्र पुसलं जात नाही. पुन्हा दहा-पंधरा दिवस सलग पिणं झालं असेल तर तिसऱ्या प्रश्नातलं सगळं पुन्हा लागू.

स्लिप कुठून सुरू होते ते पाहिलं तर ठरावीक जागा दिसतात: गटारी, हळद, वरात, ३१ डिसेंबर, पगाराचा दिवस, मयतीवरून परतताना. अशा दिवशी संध्याकाळची मीटिंग आधीच ठरवा. लग्नाला जाणं भाग असेल तर जेवून निघा, आपली गाडी किंवा रिक्षा तयार ठेवा, आणि एका मेंबरला जाताना एक, परतल्यावर एक असे दोन फोन करायचं ठरवून जा.

१७. गोळ्या चालू आहेत. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की गोळ्याही नशाच.

असं म्हणणारा चुकतो. औषधांचा निर्णय डॉक्टरचा, एएची स्वतःची भूमिकाही तीच आहे. नैराश्याच्या, फिटच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या मेंबरच्या सांगण्यावरून बंद केल्याने लोकांच्या जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत. तलफ कमी करणारी नॅलट्रेक्सोन किंवा ॲकॅम्प्रोसेटसारखी औषधं आणि मीटिंग दोन्ही सोबत चालतात.

डायसल्फिरमबद्दल वेगळं सांगायला हवं. ही गोळी घेतलेल्याने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. ती रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायची असते. ‘न सांगता भाजीत घाला, दारू सुटेल’ अशा पुड्यांच्या जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर दिसतात. त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. घालू नका.

१८. मीटिंग पुरेल की केंद्रात दाखल व्हावं?

घरी राहून दोन-चार दिवसही थांबता येत नसेल, विथड्रॉवल, म्हणजे दारू बंद केल्यावरचा त्रास, जोरात येत असेल, आत्महत्येचे विचार असतील किंवा घरातच रोज पिणारे असतील, तर आधी दाखल होणं बरं. मात्र केंद्रातून बाहेर पडल्यावर पहिल्याच आठवड्यात मीटिंग सुरू झाली नाही, तर तिथे मिळालेलं हातचं जातं. आत असतानाच गावातल्या ग्रुपचा नंबर घेऊन ठेवा.

केंद्र निवडताना नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, ते विचारा. रात्री घरून उचलून नेणारी, मारहाण करणारी, महिनोन्‌महिने फोन बंद ठेवणारी केंद्रं टाळा.

१९. नवरा पितो, मीटिंगला यायला तयार नाही. मी काय करू?

त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसू नका, तुम्ही तुमच्या मीटिंगला जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथे नवऱ्याची दारू सोडवायच्या युक्त्या मिळत नाहीत. बाटल्या ओतून देणं, साहेबांना ‘बरं नाही’ म्हणून फोन करणं, उधारी फेडणं, यातलं काय थांबवायचं आणि ते कसं पेलायचं, हे मिळतं.

त्यांच्याशी बोलायचं तर ते प्यायलेले असताना नको. सकाळी, शुद्धीत असताना, मुलं समोर नसताना बोला. घडलेली एक गोष्ट सांगा: ‘काल रात्री तुम्ही जिन्यात पडलात, पिंकीने पाहिलं.’ लगेच पुढे: ‘आज संध्याकाळी ओपन मीटिंग आहे, मी बरोबर येते.’ नंबर आणि पत्ता हातात तयार असू द्या. हो म्हटल्यावर शोधायला बसलात तर तेवढ्यात मन फिरतं.

मारहाण होत असेल तर मीटिंग नंतर. पोलिस ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८.

२०. मी बाई आहे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत कशी जाऊ?

ही अडचण खरी आहे. इथल्या बहुतेक मीटिंगमध्ये पुरुषच जास्त असतात. हेल्पलाइनला ‘महिला मेंबरशी बोलायचंय’ असं सांगा आणि फक्त महिलांची मीटिंग, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, कधी असते ते विचारा. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवता येतो, स्क्रीनवरचं नाव बदलता येतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर नाव आपोआप पूर्ण येतं, जोडण्याआधी तपासा. दाखल व्हायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगणचं ‘निशिगंध’ केवळ महिलांसाठी आहे.

२१. परदेशात राहतो. मराठीत मीटिंग मिळेल का?

तिथली इंग्रजी मीटिंग आधी धरा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे एएच्या स्थानिक संकेतस्थळांवर मीटिंगच्या याद्या असतात. व्हिसा किंवा नोकरीची माहिती तिथे कुणी विचारत नाही. जोडीला भारतातली मराठी किंवा हिंदी ऑनलाइन मीटिंग करता येते. भारतात रात्री आठ वाजतात तेव्हा दुबईत साडेसहा, लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच, न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. घड्याळ बदललं की पहिल्या आठवड्यात मीटिंग हमखास चुकते, मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेळ पुन्हा तपासा.

२२. आमच्या तालुक्यात एकही मीटिंग नाही.

सुरुवातीला फोनवरचा एक मेंबर, ऑनलाइन मीटिंग आणि जिल्ह्याच्या ठिकाणची आठवड्याची एक खेप एवढ्यावर चालवा. गडचिरोलीत असाल तर २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमाचं काम आहे, तिथे चौकशी करा. वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांतही चोरटी दारू मिळते आणि व्यसनी माणसं असतात. बंदी आहे म्हणून मदतीची गरज नाही असं होत नाही.

आणि ग्रुप सुरू करता येतो. दारू सोडायची म्हणून दोन-तीन मद्यपी एकत्र बसले की त्यांना स्वतःला एएचा ग्रुप म्हणता येतं, फक्त तो ग्रुप दुसऱ्या कुठल्या संस्थेशी बांधलेला नको. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा आणि एकटेच असलात तरी त्या वेळी दार उघडा. खोली बाजारपेठेच्या अगदी मध्ये नको, बसथांब्यापासून फार लांबही नको. ती मोफत मिळाली तरी थोडं भाडं द्या, नाहीतर देणाऱ्याचा सूर तिथे शिरतो. पक्षाचं कार्यालय टाळा. किल्ली दोघांकडे ठेवा, एकाच्या घरी लग्न निघालं की मीटिंग बंद पडते ती याच कारणाने. मराठी साहित्य जनरल सर्व्हिस ऑफिसकडून मागवता येतं. तिथेच ग्रुपचं नाव, वार, वेळ आणि एक फोन नंबर कळवा, म्हणजे हेल्पलाइनला फोन करणाऱ्या पुढच्या माणसाला तुमचा पत्ता मिळेल. जवळच्या मोठ्या गावातल्या ग्रुपला महिन्यातून एकदा दोन मेंबर पाठवायची विनंती करा. जागा किंवा वेळ बदलली की त्याच दिवशी कळवा.